घोडबंदरच्या तिरप्या रेघा

रुचिताने ठिपक्यांचा आकार आणखी कमी केला आणि खुर्ची मागे सरकवून डोळे किलकिले करत पडद्याकडे पाहिलं. एक ठिपका म्हणजे एक बिल. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर दिवसातली वेळ. घोडबंदरच्या दुकानातली गेल्या काही महिन्यांची सगळी बिलं तिने अशी पसरली होती. ठिपके बारीक झाले तशा त्यांच्या ओळी दिसू लागल्या. तिरप्या, एकामागून एक, साऱ्या एकाच अंगाला कललेल्या. वाऱ्यावर गवत कलतं तशा.

नवघर रोडवरच्या मोठ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर हे ऑफिस होतं. खाली किराणा, वर दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि ईश्वरभाईंचं काचेचं टेबल. त्यांची चार दुकानं होती. कुठलं गिऱ्हाईक कधी येतं, काय घेतं, ते चित्रात दिसायला हवं म्हणून त्यांनी बी.एस्सी. झालेली ही मुलगी ठेवली होती. सकाळीच त्यांनी तिच्या जुन्या आलेखावर बोट आपटलं होतं.

"बाकीच्या दुकानांत बघ, कसे दोन डोंगर दिसतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि हे घोडबंदर? सपाट मैदान. क्रिकेट खेळा. त्या दुकानाला गर्दीची वेळच नाय. महिनाअखेरीला बंद करतो."

"शेठ, संध्याकाळपर्यंत एकदा नीट बघू द्या."

"बघ ना. तू फिजिक्सवाली, मैदानात पण डोंगर शोधशील."

डोंगर नव्हता. गर्दी मात्र होती, फक्त ती एका जागी उभी राहत नव्हती. आज दुपारी आलेली गर्दी उद्या पाऊण तास उशिरा यायची, परवा आणखी उशिरा. सरासरी काढली की सगळं एकमेकांत मिसळून सपाट व्हायचं. रुचिताने नकळत एका रेघेवरून बोट फिरवलं आणि तिला त्या दुकानासमोरची खाडी आठवली, होड्यांच्या धक्क्याची. भरतीही रोज तेवढीच लांबते. चंद्राने ओढलेलं पाणी, पाण्याने आणलेल्या होड्या, होड्यांतून उतरलेली माणसं, त्यांच्या हातातला बिस्किटाचा पुडा, आणि सगळ्यांत शेवटी इथे, या पोटमाळ्यावर, एक ठिपका. पंख्याच्या संथ आवाजात तिला वाटलं, पडदासुद्धा किंचित वरखाली होतोय. ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. रेघा सकाळच्या नऊला थांबत नव्हत्या. त्या आणखी खाली, थेट पहाटेत उतरत होत्या. उलट काही दिवस भर दुपारी नुसता पांढरा पट्टा, एकही बिल नाही.

दुकान नऊच्या आधी उघडायचं नाही, हा ईश्वरभाईंचा नियम. गेल्या वर्षी खारी गावच्या दुकानात तिथल्या नोकराने, महिपतने, वेळेआधी शटर वर केलं, तर चोरीबिरी काही झालेली नसताना त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. घोडबंदरचं दुकान गिरिजाताई एकट्या सांभाळत आणि रात्री तिथेच मागच्या खोलीत झोपत. किल्ली त्यांच्याकडेच असायची. रुचिताने फोन उचलला.

"गिरिजाताई, रुचिता बोलतेय, ऑफिसमधून. पहाटेची बिलं दिसतायत मला."

पलीकडून वाऱ्याच्या आवाजातून उत्तर आलं.

"तिकडं बसून तुला दिसतं का काय, बाय?"

"हो. दुपारी बंद असतं, तेही."

"दुपारी पानी नसतं तवा कुत्रं न्हाय येत इकडं. जरा आडवी होते. पहाटं होड्या लागल्या का मानसां उपाशी असतात. त्यांना काय सांगू, नवाला या?"

"शेठचा नियम माहितीये ना तुम्हाला?"

"माहीत हाय. महिपत माझ्याच गावचा." मग आवाज जरा खाली आला. "सांगायचं हाय तर सांग. तुझी पन नोकरी हाय."

रुचिताने फोन ठेवला. चित्र दाखवलं नाही तर दुकान जाणार होतं. दाखवलं तर गिरिजाताई. तिने उभ्या अक्षाच्या आकड्यांवर क्लिक केलं. सर्वांत कमी वेळ : नऊ. सर्वांत जास्त : रात्रीचे नऊ. पहाट कागदाबाहेर गेली. एकही ठिपका जागचा हलला नव्हता, एकही खोटा नव्हता. तरी प्रिंटरमधून कागद येईपर्यंत ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ईश्वरभाईंनी कागद काचेवर ठेवला आणि चहाची बशी बाजूला केली.

"हे काय, कापडाचं डिझाइन?"

"गर्दी आहे, शेठ. भरतीबरोबर रोज पुढे सरकते. म्हणून सरासरीत दिसत नाही."

एका रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि उतारावरून मागे मागे, डावीकडे खाली आणलं. रेघ कागदाच्या खालच्या कडेला संपली.

"नऊलाच सुरू होते?"

"दुकान नऊला उघडतं," रुचिता म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

बोट थांबलं नाही. ते कडेवरून उतरलं आणि त्याच तिरक्या चालीने टेबलाच्या रिकाम्या काचेवरून जात राहिलं. काचेत पंख्याचं पातं फिरत होतं, त्याच्यावरून ते गेलं आणि मग एका जागी टेकलं. रुचिताने मनातल्या मनात अंतर मोजलं. पहाटेचे चार असावेत.

ईश्वरभाईंनी दुसऱ्या हाताने फोन ओढला आणि बेकरीचा नंबर फिरवला. बोट तिथेच होतं.

"सुन, घोडबंदरचा पाव उद्यापासून सगळ्यांत आधी उतरव. चारच्या आत. हां, पहाटेच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी रुचिताकडे पाहिलं नाही.

"बंद दिसलं तर शटर वाजव. आतून उघडतील."