फ्लेक्सची खालची गाठ

कसबा पेठेत राग बघायचा तर पूर्वी लोक नळाच्या वेळेला जात. आता ती सोय राहिली नाही. पण त्या मंगळवारी सकाळी यज्ञेश्वरकाकांच्या अभ्यासिकेखाली द्वारका इंगोले उभी होती, आणि तिच्या रागाची धग अशी की समोरच्या अमृततुल्यवाल्यानं शेगडी बंद करून चहाचं पातेलं नुसतं तिच्या दिशेनं सरकवलं, तर चहा उतू गेला. पेठेतली माणसं याची शपथ घेतील. ती कशाचीही घेतात, ती गोष्ट वेगळी.

रागाचं कारण डोक्यावर लटकत होतं. दोन खांबांमध्ये ताणलेला वीस फुटी फ्लेक्स, आणि त्यावर साक्षात द्वारका. फोटो मामेबहिणीच्या लग्नातला. नाकात नथ तशीच, खाली कुणीतरी पांढरा कोट चिकटवलेला, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि रंग असा उजळलेला की सख्ख्या बापाला आधारकार्ड मागावं लागलं असतं. शेजारी लाल अक्षरं: "देशात ३१२ वी! आमच्या क्लासची लेक! भावी रेडिओलॉजिस्ट डॉ. द्वारका बद्रीनाथ इंगोले!" 'सराव परीक्षेत' असंही कुठेतरी होतं, पण ते मुंगीला वाचता येईल एवढ्या टायपात.

खरी परीक्षा एकोणीस दिवसांवर होती. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांनी पुढे कशात तज्ज्ञ व्हायचं, हे ठरवणारी ती परीक्षा. तिच्यात वरचा नंबर आला की शहाणी माणसं रेडिओलॉजी घेतात, नाहीतर त्वचारोग. रात्रीचे फोन नाहीत, रक्त नाही, दहा ते पाच. सर्जरी घ्यायची ती मागे राहिलेल्यांनी. द्वारकाला चांगला नंबर काढून सर्जरीच घ्यायची होती. हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसून पिठलं मागण्यासारखं. तिनं अजून बाबांनाही ते सांगितलं नव्हतं.

अभ्यासिकेतल्या सतरा नंबरच्या खुर्चीला मात्र ते कधीच कळलं होतं. उजव्या हातानं प्रश्न सोडवायचे आणि डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर दोऱ्याच्या गाठी मारायच्या, एकाच हातानं, न बघता, ही द्वारकाची सवय. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बांधतात तशा गाठी. एका रविवारी दोनशे प्रश्नांचा पेपर सोडवता सोडवता तिनं खुर्चीला टेबल, टेबलाला शेजारच्या अभिनवची बॅग आणि बॅगेला अभिनवच्या पँटचा पट्टा बांधून टाकला. तो जेवायला उठला तेव्हा अख्खी रांग त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली. यज्ञेश्वरकाका रोज संध्याकाळी कात्री घेऊन त्या गाठी कापत आणि भिंतीवर पाटी लावत: 'खुर्च्या बसण्यासाठी आहेत. टाके घालण्यासाठी रुग्ण शोधावा.'

तेच काका आता खाली आले. हात पाठीमागे, चष्मा कपाळावर.

"आपला फोटो आहे, आपण खुशाल बघत राहा. पण माझी खिडकी झाकली गेलीय. आत मुलं दिवसाढवळ्या दिवे लावून बसलीत."

"मी लावलाय का तो?" द्वारका फाडकन म्हणाली.

"आपला नसेल तर काढा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा. कारंज्याला बद्रीनाथ इंगोल्यांचा मंडपाचा धंदा. लग्न असो की सप्ताह, बांबू त्यांचा आणि सुतळीही त्यांचीच.

"अवं माय! फोटू पायला! तुह्या क्लासच्या विश्वजीत सरायनंच धाडला. आख्ख्या कारंज्यात फिरवला म्या. दोन किलो पेढे वाटले!"

"बाबा, परीक्षा व्हायची हाय अजून."

"होते वं! अंधाऱ्या खोलीत बसाचं, आतलं समदं वळखाचं. त्या डॉक्टरनं संभाजीचं कसं सांगतलं होतं, आठोते?"

द्वारकानं फोन ठेवला. आठवत होतं. संभाजीकाकाच्या आतड्याला भोक पडलं तेव्हा ती नववीत होती. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं पडद्यावर बघून भोक कुठे, पू कुठे, सगळं सांगितलं. पण कापणारा सर्जन रजेवर होता. दुसरा अमरावतीला. काका अर्ध्या वाटेत गेला. बाबांच्या मनात त्या दिवसाचा तो पडदा राहिला. द्वारकाच्या मनात रिकामं ऑपरेशन थिएटर राहिलं.

मंगळवारी दुपारपर्यंत तिनं एकही प्रश्न धड सोडवला नाही. दोऱ्याची दोन रिळं मात्र संपवली.

चार वाजता विश्वजीत सर आले. कर्वेनगरला क्लास, अंगावर नेहमी निळं जाकीट, आणि बरोबर दोन माणसं: एक मोबाइल धरायला, दुसरा मान डोलवायला.

"डॉक्टर, या! फ्लेक्सखाली उभ्या राहा. लाइव्ह जाऊ. स्वारगेटपासून कर्वेनगरपर्यंत अकरा लावलेत तुमचे!"

"सर, मला विचारलं होतं का?"

"सरप्राइज असतं ते!"

"रेडिओलॉजी कोणी सांगितलं? फॉर्म भरताना मी तुमच्यासमोर सर्जरी म्हणाले होते."

सर हसले. मान डोलवणाऱ्यानं मान डोलवली.

"अगं बाळा, सर्जरीवर क्लास चालत नाही. पालक रेडिओलॉजी बघून येतात. आणि तू बाईमाणूस. दिवसरात्र ड्युट्या, उभं राहून पाय सुजणार, सीनियर शिव्या घालणार. उद्या लग्न कोण करेल?"

"लग्नातलाच फोटो लावलाय ना तुम्ही? त्यातलाच एखादा बघून घेईन."

अमृततुल्यवाला खो-खो हसला. सरांचा चेहरा उतरला, म्हणून द्वारकाचा राग उतरला असं मात्र नाही. तो असा चढला की खांबावरचे कावळे जागा बदलून बसले. ती काकांकडे वळली.

"काका, पाट्या रंगवायचा डबा आहे ना तुमच्याकडे? आणि शिडी?"

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. उभ्या हयातीत त्यांनी कुणाला पेन उसनं दिलं नव्हतं. ते आत गेले आणि शिडी, लाल रंगाचा डबा आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन आले.

"ओळ सरळ येऊ दे," एवढंच म्हणाले.

द्वारका चढली. 'रेडिओलॉजिस्ट'वर तिनं असा ब्रश फिरवला, जशी काही ती अक्षरं सडली होती. खाली लिहिलं: सर्जन. मग मुंगीच्या टायपावर हातभर अक्षरांत: परीक्षा अजून व्हायची आहे.

"उतरवा तो! आत्ता!" सर ओरडले. मान डोलवणाऱ्यानं पहिल्यांदाच मान सोडून हात हलवले. चाकू काढून त्यानं फ्लेक्सच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांच्या सुतळ्या कापल्या. फ्लेक्स शिडासारखा फडफडला.

"वरच्याही कापा," काका शांतपणे म्हणाले. "त्याआधी परवानगीचा कागद तेवढा दाखवा. महापालिकेत माझा मेहुणा आहे. आमचं बोलणं नाही, पण अशा कामासाठी मी बोलेन."

सरांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. अकरापैकी एकाही फ्लेक्सचा कागद नव्हता; तक्रार गेली तर अकराही फ्लेक्सचा दंड. वरच्या सुतळ्या तशाच राहिल्या.

"खिडकीचं काय, काका?" द्वारकानं शिडीवरून विचारलं.

"मुलं वाचतील दिवे लावून. एकोणीस दिवस राहू दे."

तिनं खिशातून दोरा काढला, चौपदरी केला आणि उजवा कोपरा खांबाला बांधला. दोन वेढे, उलट गाठ, वर आणखी एक. नंतर लोक सांगत की त्या गाठीनं सरांच्या माणसाचे तीन चाकू बोथट केले आणि चौथा लाजून परत म्यानात गेला. शिडी हलवून डावा कोपरा बांधेपर्यंत मात्र तिचे हात रागानं थरथरत होते.

या सगळ्यात मोबाइल धरणाऱ्याला तो बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं लाइव्ह गेलं होतं. कारंज्यापर्यंत.

फोन शिडीवरच वाजला.

"काहून केलं वं हे?" बाबांचा आवाज फाटला होता. "पेढे वाटले म्या! आता लोकायले काय सांगू?"

"सांगा, पोरगी सर्जन होते म्हनून."

"त्या मरमरीत काहून जातं? बसून काम भेटत होतं तुले!"

"संभाजीकाकाच्या पोटातलं दिसलं ना बाबा समद्यायले?" द्वारका ओरडली. "दिसलं! तुमाले दिसलं, मले दिसलं! कापलं कोनं? कोन होतं तिथं कापाले?"

तिला वाटलं, बाबांनी फोन ठेवला. तिनं कानापासून काढून बघितलं. चालू होता.

"व्हिडिओ पुन्हा पायतो हाय," शेवटी बाबा म्हणाले. आवाजातला राग जागचा हलला नव्हता. "उजवी गाठ ठीक हाय. डाव्या अंगाची ढिली हाय. रातच्या वाऱ्यानं सुटन. हात कापत होता तुहा."

"रागानं कापत होता."

"रागानं असो का कशानं. गाठीले काय करा लागते? मंडप पडला त मानसं मरतात. सोड आन् पुन्हा बांध. मंग बोलतो तुह्यासंग."

फोन कट झाला.

द्वारकानं वाकून डाव्या कोपऱ्याची गाठ बोटानं चाचपली. ढिली होती. खरंच ढिली होती. अख्ख्या दिवसात तिला एवढा संताप कशाचाच आला नव्हता.

"काका," ती दात-ओठ खात म्हणाली, "शिडी जरा डावीकडे घ्या."

काकांनी घेतली. तिनं गाठ सोडली, दोन्ही तळहात ओढणीला पुसले, हात थरथरायचे थांबेपर्यंत थांबली, आणि मग पुन्हा बांधायला घेतली.