तेवढं एक कार्ड बरोबर

शिट्टीबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती नवी चष्मेवाली कामावर आली त्याच दिवशी. गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या त्या कारखान्यात शिट्टीबाई सुपरवायझर होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हाताखालच्या बायकांनी ठेवलेलं नाव. बायका बावीस, सगळ्या एजन्सीनं पाठवलेल्या, तात्पुरत्या. खरं तर बाईसुद्धा एजन्सीच्याच, सहा वर्षं झाली. पण या खेपेला मॅनेजरसाहेबांनी शब्द दिला होता की सहा महिने एकही तक्रार वर गेली नाही, तर तुम्हाला कायम करतो. त्या शब्दावर बाई दिवस ढकलत होत्या.

आणि ही चष्मेवाली आल्या आल्या भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिते! नवी बाई आधी पिशवी टांगायला खुंटी शोधते, घड्याळातली वेळ कोण उतरवून घेतं? वर तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, कार्ड गाऊन घालायच्या आधी पंच करायचं की नंतर?

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं बयेनं. तिथली रीत अशी, की साडेसातला आत यायचं, टोपी, मास्क, गाऊन चढवायचा, हात धुवायचे आणि आठला कार्ड पंच करायचं. सुटताना आधी कार्ड, मग ट्रे धुणं. रोजचा पाऊण तास असा वाऱ्यावर. तो वेळ कामातच धरायचा असतो, हा नियम बाईंना पाठ होता. नियमाचा कागद त्यांच्याच ड्रॉवरमध्ये तळाशी होता.

घरी त्यांनी जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, सरकारी माणूस असणार, वेष पालटून येतात मेले. झालं, बाईंची झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाली दारात दिसली की बाई स्वतः तिचं कार्ड पंच करू लागल्या आणि संध्याकाळी ट्रे धुऊन झाल्यावरच पुन्हा. बाकीच्या एकवीस जणींचं मात्र जैसे थे. बायका कुजबुजल्या, ही साहेबांची कोण लागते? बाईंनी शिट्टी फुंकून त्यांची तोंडं बंद केली.

एकदा न राहवून बाईंनी वहीचं विचारलंच. आई अंथरुणाला खिळलीय, शेजारीण तिच्यापाशी बसते, तिला खऱ्या वेळा सांगाव्या लागतात, असं ती म्हणाली. बाईंनी मान डोलावली आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. दोन आठवडे त्या तिच्या मागावर होत्या, जेवतानासुद्धा. म्हणून कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर दोन दिवस ठाण मांडून बसलेला ढगळ शर्टातला माणूस त्यांना दिसलाच नाही.

तिसऱ्या दिवशी तो आत आला. कामगार खात्याचा निरीक्षक होता. चष्मेवालीनं मान वर करूनही पाहिलं नाही, पाकिटं भरत राहिली. ही सरकारी नव्हतीच, हे बाईंना तेव्हा कळलं.

निरीक्षकानं कार्डं टेबलावर पसरली. एकवीस कार्डं त्यानं बाजूला सारली, एक हातात धरलं.

"बाहेरून मी ज्या वेळा पाहिल्या, त्या फक्त या कार्डावर आहेत. म्हणजे नियम तुम्हाला ठाऊक होता."

बाईंनी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. साहेब घसा खाकरून म्हणाले, "या आमच्या नाहीतच हो, एजन्सीच्या आहेत. हा सगळा कारभार त्यांचाच."

सहा वर्षं! बाईंना इतका संताप आला की शिट्टी मुठीत रुतली.

निरीक्षकानं कार्डं पुन्हा एकदा चाळली. "आणि तुमचं कार्ड कुठंय, बाई?"

बाईंचं कार्ड नव्हतंच. सगळ्यांच्या आधी येणाऱ्या आणि सगळ्यांच्या नंतर जाणाऱ्या बाईंच्या वेळा कुणी कधी लिहिल्याच नव्हत्या.

तेवढ्यात चष्मेवाली हात पुसत पुढे आली आणि तिनं वही टेबलावर ठेवली. पानापानावर त्याच दोन ओळी होत्या: बाईंनी कुलूप काढलं, सात वीस. खाली: मी निघाले, बाई अजून आत.

"यांनी दार उघडल्याशिवाय मी आत कशी येणार?" ती म्हणाली. "म्हणून तिथूनच लिहायचे."

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि ड्रॉवरच्या तळातून तो नियमाचा कागद काढून निरीक्षकाच्या हातात दिला.