ज्वारी खाणार कोण

रूपालीनं एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती अख्ख्या वस्तीच्या डोक्यात उतरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हैदराबादच्या मलकपेठेतल्या एका शाळेच्या ऑफिसात तिची नोकरी. संध्याकाळी तिथून सुटली की घरी न जाता सह्या गोळा करत हिंडायची. मागणी साधी होती. रेशनच्या दुकानात ज्वारी मिळाली पाहिजे, आणि ती जवळपासच्या कोरडवाहू शेतकऱ्यांकडून रास्त भावानं घेतलेली असली पाहिजे. जमिनीला बरी, पाणी कमी लागतं, पोटालाही बरी. यात वाईट काय आहे सांगा, असं ती विचारायची. बायका म्हणायच्या, काहीच नाही ताई, आणा तो कागद इकडं.

ती बोले तैसी चाले, हेही तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दर रविवारी घरात भाकरी. खरं तर भाकरी तिच्या घशाखाली उतरत नसे. ती हैदराबादेतच, भातावर वाढलेली. पण सासूसाठी ती चुलीपुढं घाम गाळायची. कोंडाबाई लग्न होऊन मराठवाड्यातून इथं आलेल्या, आणि ‘आमच्या टायमाला निस्ती ज्वारी’ हे वाक्य त्यांच्या तोंडी रोजचं. त्यावरून रूपालीनं ताडलं होतं की म्हातारीचा जीव ज्वारीत अडकलाय. कोंडाबाई निमूटपणे भाकरी कुस्करून खायच्या. माणूस पुण्य करायला बसलं की त्याला समोरच्याचं तोंड दिसत नाही.

तर त्या रविवारी बुद्धविहाराच्या सभागृहात ज्वारीची मागणी करणाऱ्या समितीची सभा भरली. निमंत्रक अनिरुद्धसर, शुगर निघाल्यापासून ज्वारीचे परमभक्त. जहिराबादकडून भाग्यलक्ष्मी आली होती, आपल्या रानातल्या ज्वारीचं एक पोतं बसवर टाकून. त्यातलंच थोडं दळून आणून जेवणाच्या भाकरी केल्या होत्या. भाग्यलक्ष्मी आणि रूपालीची मैत्री याच कामात जुळलेली. अफझलगंजातला व्यापारी तिची ज्वारी नाक मुरडत पडत्या भावात घ्यायचा. औंदा रेशनचं जमलं नाही तर पुढच्या साली ज्वारी मोडून कापूस लावायचा, असं तिच्या घरात ठरलं होतं.

“अक्का, आज होतंय ना आपलं काम?” तिनं आल्या आल्या विचारलं.

“होणार म्हणजे होणारच,” रूपाली म्हणाली. सरांनी माईक घेईपर्यंत तिला तसं खात्रीनं वाटतही होतं.

सर म्हणाले, “एक अडचण आलीय. तांदूळ आहे तेवढा देऊन वर ज्वारी द्यायची तर पैसा नाही, असं वरून कळलंय. पण तांदूळ निम्म्यानं कमी करून त्या जागी ज्वारी, अशी मागणी आजच पाठवली तर विचार होईल. जेवणं होऊ द्या. मग हात वर करून ठरवू.”

रूपाली गोंधळली. सह्या घेताना तांदूळ कमी होईल असं ती कुणाला म्हणालीच नव्हती. आताशी कुठं रेशनवर बारीक तांदूळ मिळायला लागला होता. पण तिनं भाग्यलक्ष्मीकडं पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. मग आपण का कुरकुरतोय, हे रूपालीला कळेना. निम्मा तांदूळ गेला तर गेला. ज्वारी चांगली, हे आपणच वर्षभर सांगत होतो ना?

जेवणाची पंगत बसली आणि तिचा उरलासुरला ताळमेळही गेला. एकीकडं भाकऱ्यांची चळत, दुसरीकडं भाताचं पातेलं. ज्वारीसाठी जमलेली ती सगळी माणसं पातेल्याकडं वळली. भाकरीचा एकेक चतकोर मान राखायला घेतला, आणि भात मात्र दोन-दोनदा. बघता बघता पातेलं खरवडायची वेळ आली. चळत तशीच. भाग्यलक्ष्मीच्या ताटातही भातच होता.

“तू पण?” रूपालीनं विचारलं.

“घरी पण रेशनचा भातच खातोय की, अक्का.” भाग्यलक्ष्मीला त्यात काही वावगं दिसलं नाही. “ज्वारी इकायला असतीय. ती खाल्ली तर इकायचं काय?”

वाढणारी बाई भाकरी घेऊन कोंडाबाईंपुढं आली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. “नक्को गं बाई. आज भात हाय ना?”

“आत्याबाई, तुम्हाला तर भाकरी आवडते,” रूपाली म्हणाली.

“कुनी सांगितलं?”

“तुम्हीच तर म्हणता, आमच्या टायमाला निस्ती ज्वारी!”

“मग? होतीच की निस्ती ज्वारी. पाटलाच्या खळ्यावर राबून पदरात पडायची तीबी किडकी. तांदूळ पाटलाच्या घरी, लांबून बघायचा. हितं आले, तुझ्या सासऱ्यानं पयल्या पगाराला तांदूळ आनला, बुद्धपौर्णिमेची खीर झाली. म्या वाटी हातात धरून रडले होते पोरी.”

“मग रविवारी कशाला खात होता?”

“तुला आवडती म्हून.” कोंडाबाईंनी भातावर वरण ओढून घेतलं. “तू येवढी हौसेनं थापतीस, कसं मोडू मन?”

रूपालीला हसू आलं आणि त्याच घटकेला डोळे भरून आले. इतके रविवार दोघी समोरासमोर बसून एकमेकींसाठी घास ढकलत होत्या. ज्वारी हवी, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं, पण ती दुसऱ्यानं खावी. तिला स्वतःचाच राग आला. आणि तरीही ज्वारी जमिनीला चांगलीच होती, भाग्यलक्ष्मीला भाव मिळायलाच हवा होता. कुठलंच खोटं नव्हतं, म्हणूनच काही सुचत नव्हतं.

ताटं उचलली. सरांनी विचारलं, “निम्म्या तांदळाच्या जागी ज्वारी. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

समोरच्या रांगेतून भाग्यलक्ष्मी मागं वळून बघत होती. रूपालीचा हात सवयीनं वर गेला. तेवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या. कोंडाबाईंनी हात पार कानाला लावून वर केला होता.

“आत्याबाई, निम्मा तांदूळ जाईल तुमचा!”

“जाऊ दे. तुझं काम हाय ना? तुझ्या कामाला म्या हात वर नाय करायचा, तर मंग कुनी?”

रूपालीनं मागं पाहिलं. वस्तीतल्या बायकांचे हात वर होते आणि एकूणएक बाई रूपालीकडं बघत होती. प्रश्नाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. साऱ्या सह्या अशाच मिळाल्या असतील, हे तिच्या लक्षात आलं. तिनं आधी कोंडाबाईंचा हात धरून खाली घेतला, मग स्वतःचा. त्याबरोबर मागचे हात एकेक करून खाली आले.

“सर, आज पाठवू नका,” ती उभी राहून म्हणाली. “तांदूळ कमी होईल, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला पुन्हा घरोघरी जाऊन विचारावं लागेल.”

“आजची वेळ गेली की गेली, रूपालीताई,” सर चिडून म्हणाले. “पुढच्या वर्षावर जाईल.”

“जाईल,” रूपाली म्हणाली. आपण शहाणपणा केला की माती खाल्ली, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

सभागृह रिकामं झालं. उरलेली ज्वारी घेऊन भाग्यलक्ष्मी दाराशी उभी होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“माझं काय चुकलं, अक्का?” ती म्हणाली.

“तुझं काही नाही गं,” रूपाली म्हणाली.

कोंडाबाई पोत्यापाशी गेल्या, मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांनी फुंकर मारली. “निवडक हाय. हे आमच्या घरी टाक पोरी. आनि सरलं की दुसरं आन.”

“आत्याबाई,” रूपाली न राहवून म्हणाली, “आता खाणार कोण ती?”

“तू माझ्यासाठी, म्या तुझ्यासाठी. आजपतुर खाल्लीच की!”

रूपाली हसली, कोंडाबाई हसल्या. भाग्यलक्ष्मी हसली नाही.

“एका घरानं काय होतंय, अव्वा,” ती कोंडाबाईंना म्हणाली आणि पोत्याचं तोंड बांधायला खाली वाकली. रूपालीनं पोत्याची दुसरी बाजू धरली.