बटाट्यातलं झाड

वजनमापं तपासण्यात उभी हयात घालवलेल्या इन्स्पेक्टरांनी निवृत्तीनंतर पहिला गुन्हा केला तो स्वतःच्याच स्वयंपाकघरात, आणि तोही चांगल्या हेतूने.

बाई, म्हणजे इन्स्पेक्टरांची बायको, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. दर हिवाळ्यात सुट्ट्या लागायच्या आधी नातलगांना शुभेच्छांची कार्डं जायची तीही त्यांच्याच हातची. मधोमध हिरवं झाड, खाली दोघांची नावं, बस्स. यंदा मात्र अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात रुसून बसला होता. थोरली बहीण फोनवर म्हणाली, "विकतची आण गं या वेळी. कुणाला काय कळतंय?"

बाईंनी फोन ठेवला आणि बटाटा उचलला. डाव्या हाताने.

बटाटा अर्धा कापायचा, सपाट बाजूवर झाड तेवढं उंच ठेवून भोवतीचं कोरून काढायचं, मग रंग लावून कार्डावर दाबायचा. काम शाळकरी पोराचं. पण सुरी डाव्या हातात असली की बटाटासुद्धा अंगावर येतो. कित्येक दुपारी बाई दार लावून बसल्या. "छापल्यावर बघा," असा नवऱ्याला हुकूम होता. शेवटी झाड कोरून झालं. सुकू नये म्हणून त्यांनी ते पाण्याच्या वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी हिरवा रंग आणायला बाहेर पडल्या.

बायको थंडीची येईल, तर गरम सूप करून ठेवावं, असं इन्स्पेक्टरांच्या मनात आलं. फ्रिज उघडला तर वाटीत अर्धा बटाटा, कडेने उंदराने कुरतडल्यासारखा. इन्स्पेक्टरांनी वाटी बाहेर काढली. बिचारीला आता साधा बटाटाही सोलता येत नाही, आणि आपल्याला कळू नये म्हणून लपवून ठेवते! तिची शोभा नको म्हणून त्यांनी घाईघाईने तो बारीक चिरला.

सूप छान झालं. बाईंनी दोनदा मागून घेतलं. मग त्यांनी फ्रिज उघडला.

"अहो, इथली वाटी कुठंय?"

"धुतली."

"आणि वाटीतलं?"

तागडीला खालून मेण चिकटवणारा दुकानदार चौकशीत हमखास तागडीकडेच बघतो, हे बायकोला इन्स्पेक्टरांनीच कधीतरी शिकवलं होतं. आता त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"माझं झाड खाल्लंत?"

"आपण खाल्लं," इन्स्पेक्टर म्हणाले. साथीदार दाखवला की शिक्षा निम्मी होते, अशी त्यांना आशा.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या. "बरं, एकच सांगा. झाड वाटत होतं का ते?"

आता आली पंचाईत. वाटत नव्हतं म्हणावं, तर तो हात उद्यापासून सुरी धरणार नाही. वाटत होतं म्हणावं, तर बायकोचं झाड जाणूनबुजून चिरणारा नवरा ठरायचं. ते झाड पाहिलेला साक्षीदार जगात एकच, आणि त्याने पुरावा गिळलेला.

"वाटत होतं म्हणजे? झाडच होतं. फांद्यांसकट."

"मग चिरलंत कसं?"

"आळस. दुसरा बटाटा सोलायचा कंटाळा आला."

"कंटाळा! अहो, माणूस आहात का कोण? धडधडीत झाड दिसतंय, आणि सुरी चालवता?" बोलता बोलता बाईंच्या गालांवर रंग चढला. त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. "ताई, ऐकलंस का? यांनी माझं झाड खाल्लं! नाही गं, चुकून कुठलं, चांगलं ओळखून! फांद्यांसकट ओळखलं!"

मग फोन इन्स्पेक्टरांच्या कानाला लागला.

"काय हो, लाज वाटते का?" ताई म्हणाल्या.

"वाटते," इन्स्पेक्टर म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच एक वाक्य काट्यावर बरोबर उतरलं असतं.

शिक्षा म्हणून नवा बटाटा धरून बसायचं काम त्यांच्याकडे आलं. बाईंची सुरी थरथरत चालली होती. इन्स्पेक्टर बघत होते. हळूहळू सकाळच्याच खाचा उमटू लागल्या. वर आखूड, खाली लांब. त्याच कुरतडलेल्या कडा. बाईंनी हिरवा रंग लावला, बटाटा कार्डावर दाबला आणि उचलला.

झाड होतं. वाऱ्याने जरा कललेलं, पण कुणीही झाडच म्हणालं असतं. कुणीही, ज्याने नीट पाहिलं असतं.

"कसं आहे?" बाईंनी कार्डावरची नजर न काढता विचारलं.

"झाडच आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "फांद्यांसकट."

"ते मघाशीच म्हणालात. नवीन काही सांगा."

खरं बोलायची वेळ आली, तर इन्स्पेक्टरांचे ते शब्द खोट्यात वापरून संपले होते. त्यांनी पुढचं कोरं कार्ड उचललं आणि बायकोच्या डाव्या हातासमोर सरळ धरलं.