शेळीच्या गळ्यातलं कुंपण

मुलांनो, डोळे मिटा असं मी म्हणणार नाही. मिटलेत तर वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. सकाळ नुकतीच झाली आहे. तुम्ही ठेंगण्या स्टुलावर बसला आहात, गुडघ्यांमध्ये पातेलं धरलं आहे आणि समोर एक पांढरी शेळी निवांत रवंथ करते आहे. तुम्ही धार काढायला जाता. दोन थेंब पडतात. पुन्हा प्रयत्न करता. एक थेंब. शेळी मान वळवून तुमच्याकडे अशी बघते, जणू विचारते आहे, झालं का तुमचं?

आलं डोळ्यांपुढे? मग आत्याच्या जिवाचा किती संताप झाला असेल हे तुम्हाला कळेल. तिची ही सलग सहावी सकाळ होती.

आत्या घरी शिवणकाम करायची. तिला चहा लागायचा दाट दुधाचा, आणि दूधवाला आणायचा पाणचट. वर्षभर तिने त्याच्याशी हुज्जत घातली आणि मग एके दिवशी फाटकात उभं राहून, चार शेजारी ऐकतील अशा आवाजात सांगितलं, "सोमवारपासून येऊ नकोस. आम्ही शेळी घेतोय."

"बरं ताई," दूधवाला म्हणाला. "गरज पडली तर हाक मारा. मी सातला इथूनच जातो."

ते 'गरज पडली तर' आत्याच्या डोक्यात गेलं.

रविवारी आत्या, तिचा मोठा भाऊ आणि भावाची आठ वर्षांची मुलगी असे तिघं बाजारात गेले. त्या मुलीला घरात सगळे चौकशी म्हणत. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिचे प्रश्न संपत नसत. शेळीवाल्याला तिने भंडावून सोडलं. हिचे दात किती? बाई असून हिला दाढी कशी? ही मला कधी ओळखायला लागेल? शेळीवाला बिचारा एकेक उत्तर देत होता. त्याने सगळ्यांसमोर धार काढून दाखवली, पातेलं काठोकाठ भरलं. "नाही पटली तर पुढच्या रविवारी परत आणा," असंही म्हणाला. आत्या खूश झाली.

"काका, हिच्या गळ्यात हे काय आहे?" चौकशीने विचारलं.

वीतभर लांबीच्या सात-आठ लाकडी पट्ट्या दोरीत ओवून शेळीच्या मानेभोवती बांधल्या होत्या. मानेला छोटंसं कुंपणच घातलं होतं म्हणा ना.

"हां, ते असं आहे बघ..." शेळीवाल्याने सुरुवात केली.

"पुरे झाली तुझी चौकशी," आत्या म्हणाली. "ऊन चढतंय. दादा, दोर धर. चला."

घरी आल्यावर संध्याकाळी पातेलंभर दूध निघालं. आत्या दोन कप चहा प्यायली आणि तिने तिसरा मागितला. मग तिचं लक्ष त्या पट्ट्यांकडे गेलं. "ओबडधोबड मेल्या, मान सोलून निघेल बिचारीची," म्हणत तिने दोरी कापली. निळ्या मखमलीचा मऊ पट्टा शिवून, त्याला बटण लावून शेळीच्या गळ्यात घातला. पट्ट्या मात्र कामाच्या होत्या. शिवणाच्या मशीनच्या खणात सुटी लेस पडली होती, ती तिने त्यांच्यावर गुंडाळून परत खणातच ठेवली.

"दुधाला आणलीये की मिरवायला?" दादा म्हणाला.

दुसऱ्या सकाळपासून पातेलं रिकामं.

आत्याने चारा बदलला, जागा बदलली, शेळीशी गोड बोलून पाहिलं, मग टाकून बोलून पाहिलं. गोठ्याला कुलूप लावलं. बुधवारी तिने दूधवाल्याला रस्त्यातच गाठलं.

"खरं सांग, तू गुपचूप येऊन आमची शेळी पिळतोस का?"

"ताई, घरच्या चार म्हशी पिळता पिळता माझ्या बोटांचा भुगा होतो. अर्धा लिटर देऊ का?"

"नको."

घरात सगळे कोरा चहा प्यायले, तोंडं वाकडी करून.

आणि अशी ती सहावी सकाळ उजाडली, शनिवारची. पातेलं पाहून दादा म्हणाला, "उद्या नेऊन देऊ. भाकड शेळी किती दिवस पोसायची? आणि तू सातला फाटकात उभी राहा."

आत्याने पातेलं पालथं घातलं. शेळी जाणार हे एक, आणि चार शेजाऱ्यांच्या देखत त्या दूधवाल्याला हाक मारायची हे दुसरं. अर्धवट खाल्लेलं ताट सोडून चौकशी गोठ्यात जाऊन बसली.

दुपारी आत्या मशीनवर होती. दोरा तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा दारातून आवाज आला.

"आत्या, एक विचारू?"

"नको."

"एकच."

"तुझं एक म्हणजे एकवीस असतात. बोल, काय ते बोल एकदाचं."

"शेळी स्वतःचंच दूध पिते का?"

"आता एवढंच ऐकायचं राहिलं होतं," आत्या म्हणाली. पण उठली. पाय आपटत गोठ्यापर्यंत गेली आणि दारातच थबकली. शेळीने मान पार मागे वळवली होती, स्वतःचाच सड तोंडात धरला होता आणि डोळे मिटून चुटूचुटू पीत होती. गळ्यातली निळी मखमल तिला शोभत होती.



"ते कुंपण होतं ना," चौकशी हळूच म्हणाली, "तेव्हा हिला मान एवढी वळवता येत नव्हती."

"मग हे त्या दिवशीच विचारायचं नाही का, बाजारात?"

"विचारलं होतं."

आत्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "बरं. आता काय काय विचारायचंय ते सगळं विचार. मी ऐकते."

पण चौकशीने काहीच विचारलं नाही. ती पळत घरात गेली, मशीनचा खण ओढला, पहिल्या पट्टीवरची लेस भराभर उलगडून जमिनीवर टाकली आणि दुसरीला हात घातला.