रात्री दीडचं ऊन

नातसुनेची एकेक तऱ्हा गवराबाईला पटत नव्हती. लग्नानंतरची पहिली संक्रांत, कुरुळीतल्या वीस बायका वाण घ्यायला अंगणात बसलेल्या, आणि ही तेजल कुठं, तर पृथ्वीच्या टोकाला! दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात कसल्याशा दुर्बिणीच्या कामाला तीन महिने गेलेली. बरं, गेली ती गेली. निदान फोनवर तरी नटूनथटून यावं की नाही?

संध्याकाळी सहाला नातवानं, सार्थकनं, मोबाइल पाटावर उभा करून दिला. तेजल दिसली ती जांभया देत. केस पिंजारलेले, जाड स्वेटरवर काळी साडी कशीबशी गुंडाळलेली.

"आत्ता उठलीस व्हय गं?"

"आजी, इथं रात्रीचा दीड वाजलाय."

आणि मागच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. भिंतीवर ऊन, पांघरुणावर ऊन. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया, रातीचं ऊन! गवरामावशी, तुमच्या नातसुनेनं सूर्यालाबी नाइट शिफ्ट लावली!"

बायका खो-खो हसल्या. गवराबाईच्या अंगाची लाही झाली.

"खोटारडी! दिवसाढवळ्या लोळती आन् वर मला रात सांगती? आईनं हेच शिकवलं व्हय?"

तेजलनं तोंड उघडायच्या आत गवराबाईनं मोबाइल पालथा घातला.

बायका गेल्यावर सार्थक भांडला नाही. घरातनं लाल भोपळा आणून त्यानं तिच्यापुढं ठेवला.

"दोन खाचांमधली एकेक फाक म्हणजे एकेका मुलखाचं घड्याळ, आजी. आपल्या फाकीत सहा, तर पलीकडच्या फाकीत सात. आता देठापाशी बोट ठेव. कुठल्या फाकीत आलीस?"

गवराबाईनं बोट ठेवलं. सगळ्या खाचा तिथंच येऊन मिळाल्या होत्या. "समद्याच की रं."

"मग तिथं वाजले किती म्हणायचे? सूर्याला विचारावं, तर तो सहा महिने मावळतच नाही. म्हणून जिथनं विमानानं शिधा येतो, त्या न्यूझीलंडचं घड्याळ तिथं लावतात. त्यात दीडच वाजला होता. गजर लावून उठली होती ती, तुझ्या वाणासाठी."

गवराबाईचं बोट देठावरच राहिलं. तिचा नवरा धर्माजी कंपनीत तिसऱ्या शिफ्टला असायचा. सकाळी सातला घरी यायचा. खिडकीला गोधडी टांगून ती त्याला निजवायची. "दिवसा घोरतोय बघा," असं आळीतली एक जण म्हणाली, तेव्हा हीच गवरा कंबर कसून तिच्या दारात गेली होती. "माझ्या मालकाची रात आत्ता हाय!" असं साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली होती. दुसऱ्याची रात दिवसा असते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी तिनं पोरीला चारचौघींत सोलून काढलं. तिनं भोपळा बाजूला सारला.

"फोन लाव."

"झोपली असेल आता. मेसेज आलाय तिचा. म्हणते, आजींना सांग, परत फोन करून त्रास देणार नाही."

गवराबाईनं मान खाली घातली. "ती जागी कवा आसंल?"

"उद्या आपल्या दुपारी एकला. तिथं रात्रीचे साडेआठ असतील."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गवराबाई दारोदार फिरली. बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याला पाय न लावणारी बाई! काल हसलेल्या एकूण एक बायकांना तिनं ताटावरनं उठवलं.

"आता दुपारचंबी हळदीकुंकू?" चतुराबाईनं टोमणा मारलाच.

"मुकाट्यानं चल. हसायला लई मिळंल."

तेजलनं फोन उचलला, पण चेहरा दगडासारखा. "बोला, आजी."

गवराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मात ती कुणापुढं नमली नव्हती, आणि चतुराबाई तर पुढं सरकून बसलेली.

"तेजल, तू खरं बोललीस. मी न इचारता तुला खोटारडी म्हणले, तुझ्या आईलाबी मधी ओढलं. काल ज्यांच्यापुढं बोलले, त्या समद्या हितं बसल्यात. ऐकू दे त्यास्नी. खोट तुझ्यात न्हाई पोरी, माझ्या तोंडात हाय."