नऊ सेंटिमीटर

त्या हिवाळ्यात स्तुरेच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगून टाकते : नऊ सेंटिमीटर. त्याच्या क्रूझर मोटारसायकलची सीट नऊ सेंटिमीटर खाली आली, की त्याची उजवी तंगडी तिच्यावरून आपली आपण पलीकडे जाणार होती. मग स्टूल नको, पँट धरून पाय हाताने उचलणं नको, आणि त्या वेळी त्याच्या दोस्ताने, हेल्गेने, मुद्दाम दुसरीकडे बघणंही नको. नऊ सेंटिमीटरच्या बदल्यात एक अख्खा उन्हाळा. सौदा वाईट नव्हता.

अख्खा म्हणजे आमच्या उत्तरेकडचा. मेच्या मध्यावर हिवाळ्यात घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली खडी झाडून होते आणि सप्टेंबरात पुन्हा काचांवरचा बर्फ खरवडायची वेळ येते. मधल्या चार महिन्यांतून पाऊस वजा करा, डासांचे दिवस वजा करा, गाडीचंच काही बिघडलं असेल ते वजा करा. हाताशी उरतात चाळीस दिवस. बाकीचे सव्वातीनशे दिवस स्तुरे तळघरातल्या गॅरेजात गाडी खोलून बसतो. चौतीस वर्षं त्याचं हेच चाललंय. गाडी मूळची कशी होती हे आता ती बनवणाऱ्यालाही ओळखता येणार नाही. टाकी बदलली, हँडल बदललं, पुढचा फोर्क हातभर लांब केला, सायलेन्सर तीनदा बदलला आणि तिसऱ्यांदा पहिलाच परत बसवला. एक दिवस चालवायची आणि आठ दिवस पान्हे फिरवायचे. मी एकदा म्हटलं, "अरे, तू गाडी चालवत नाहीस, तिची सेवा करतोस."

"लग्नात दुसरं काय असतं?" तो म्हणाला.

त्याची बायको गुनवोर शेजारीच बसली होती. तिने बिस्किट कॉफीत जरा जास्तच वेळ बुडवून ठेवलं.

आमच्या फाट्यावर पेट्रोलचा एक पंप आहे आणि पंपाच्या आत माझा कॉफीचा काउंटर. शिवाय मी त्या दोघांची शेजारीण. त्यामुळे स्तुरेच्या खुब्याचा इतिहास मला तोंडपाठ. तीस वर्षं त्याने सरकारी रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी चालवली. सगळे हादरे उजव्या खुब्यात जमा झाले. आता त्याला वाकता येत नाही. चौदा महिने रोज सकाळी गुनवोर त्याच्यापुढे गुडघे टेकून बसत होती आणि त्याच्या पायांत मोजे चढवत होती. लोकरीचे, जाड, घट्ट. नगरपालिकेने मोजे चढवायचं एक प्लास्टिकचं पन्हळ दिलं होतं, दोन दोऱ्या लावलेलं. स्तुरेने ते कापून गाडीच्या बॅटरीखाली बसवलं. म्हणाला, "म्हाताऱ्यांची वस्तू आहे, पण प्लास्टिक चांगलं आहे."

चौदा महिने वाट बघितल्यावर फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यातून पत्र आलं. खुबा बदलायचा, तारीख सोळा मार्च. गुनवोरने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सोळाभोवती लाल गोल काढला. नुसता गोल नाही, दोनदा गिरवलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्तुरे माझ्या काउंटरवर आला. आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि ते मऊ व्हायची वाट बघत बसला. मग म्हणाला, "आस्ता, मार्चात कापलं तर गाडीवर कधी बसू देतील?"

"मला काय विचारतोस? मी पेट्रोल विकते."

"मी विचारलंय त्यांना. सप्टेंबर म्हणाले." त्याने बोटं मोडली. "म्हणजे हा उन्हाळा गेला. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझ्या बापाला सत्तरीत बर्फातून काठीने चालताना बघितलंय मी. किती उन्हाळे उरलेत ते तूच मोज, तुला मोजायची हौस आहे."

मी मोजले नाहीत. कधी कधी हातचा राखलेला बरा.

त्याने माझ्यासमोर दवाखान्याला फोन लावला आणि तारीख सोडली. अगदी नम्रपणे. मग घरी जाऊन गुनवोरला सांगितलं, की दवाखान्यानेच तारीख पुढे ढकलली, शरदात बघू म्हणाले. गुनवोरने त्या दवाखान्याला हिवाळाभर ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून माझे कान तापत. मी भांडी घासत राहायचे. माझं काय जातंय, असं वाटलं होतं मला.

आणि स्तुरे तळघरात उतरला. मागचे शॉकअप आखूड केले, फोर्क आत ओढला, सीटखालची चेसिस कापून पुन्हा जोडली. एप्रिलच्या शेवटी मला बघायला बोलावलं. गाडी मांजरीसारखी जमिनीला पोट लावून बसली होती. त्याने एका हाताने हँडल धरलं, उजवा पाय मागे नेला, आणि खरंच तो पाय सीटवरून पलीकडे गेला. कुणीही हात न लावता. स्तुरेचा चेहरा बघून मी खाली वाकले आणि गाडीचं पोट बघायला लागले.

"पोट जमिनीपासून किती?" मी विचारलं.

"मी बसलो की तेरा."

"आणि स्टेनबेकचा उंचवटा?"

तो हसला. हा प्रश्न त्याला विचारणं म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवणं. आमच्याकडे हिवाळ्यात जमिनीच्या पोटात बर्फ धरतो आणि वसंतात रस्ता ठिकठिकाणी पाठ वर काढतो. स्टेनबेकचा उंचवटा तर नावाजलेला. त्याच्या अलीकडे धोक्याचा फलक रोवायचं काम वर्षानुवर्षं स्तुरेनेच केलेलं. "जाऊन मोजून आलो," तो म्हणाला. "माझी गाडी लांब, दोन्ही चाकं उंचवट्याच्या दोन बाजूंना असताना पोटाला बारा लागतात. तेरातून बारा गेले. एक सेंटिमीटर माझा."

"आणि गुनवोर मागे बसल्यावर?"

तो फडकं घेऊन आधीच चकाकणारी टाकी पुसायला लागला. "गुनवोर यंदा मोटारीने येईल. थर्मास घेऊन."

आता इथे एक रीत सांगायला हवी. खडी झाडून झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी सगळे गाडीवाले माझ्याकडे जमतात आणि बावीस किलोमीटरवरच्या तळ्यापर्यंत पहिली फेरी मारतात. त्या पहिल्या फेरीला बायको मागे बसते. मग उन्हाळाभर घरी राहिली तरी चालतं. पण हिवाळाभर तिने सहन केलेल्या तेलाच्या वासाची ती परतफेड समजतात. तेहेतीस वर्षं गुनवोर बसली होती. यंदा स्तुरेने तिला हिशेबातूनच काढलं.

शनिवारी चौदा गाड्या आल्या. हेल्गे आपली तीनचाकी घेऊन आला. गुडघे गेल्यावर त्याने दोन वर्षांपूर्वी मागे एक चाक वाढवलं, तेव्हापासून स्तुरे तिला बाळाची ढकलगाडी म्हणतो.

"काय रे स्तुरे, गाडी बसली का तुझी? हवा भर जरा," हेल्गे म्हणाला.

"तुझ्या ढकलगाडीत दूध आणलंस की बाळ?"

"बाळ मीच. पण पडत नाही हो बाळ."

सगळे हसले. स्तुरेने पाय पलीकडे टाकून दाखवला, टाळ्या पडल्या. गुनवोरही आत माझ्या काउंटरशी उभी राहून खिडकीतून हसली. "मला मोटारीत बसवलंय, पण खूश आहे बघ," ती म्हणाली. "असू दे. शरदात कापतीलच."

तेवढ्यात दार उघडून सिग्ने आत आली. सिग्ने म्हणजे लाकूड गिरणीच्या जुन्या कारकुनाची विधवा, वय एक्क्याऐंशी. तीन वर्षं ती काठीशिवाय दिसली नव्हती. आज दोन्ही हात मोकळे.

"अगं सिग्ने, काठी कुठे?" गुनवोरने विचारलं.

"सौनाच्या चुलीत! चांगली जळली, बर्चचं लाकूड होतं." ती जागच्या जागी एक गिरकी घेऊन दाखवायला लागली. "नवा खुबा आहे. शुक्रवारी फोन आला, सोमवारी टेबलावर. कुणीतरी तारीख सोडली म्हणे. कोण गाढव असेल ते, देव त्याचं भलं करो."

"कधी झालं हे?"

"मार्चात. सोळाला."

 गुनवोरने स्तुरेकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कप होता. तो कोरडा होता, तरी मी तो पुसला.

तिने मोटारीची किल्ली काउंटरवर माझ्यापुढे सरकवली. बाहेर गेली, मोटारीच्या डिकीतून आपलं जुनं लाल हेल्मेट काढलं आणि स्तुरेच्या मागे जाऊन उभी राहिली. इंजिनं सुरू झाली होती.

"अगं, मोटार कोण—"

"आस्ता आणेल."

"पण यंदा मागे जरा—"

"सोळा मार्च," गुनवोर म्हणाली, आणि बसली.

शॉकअप खाली गेले. स्तुरेने मान वळवून खाली बघितलं, मग समोर बघितलं. तेरातून किती गेले ते त्याला पान्हा न लावता कळलं. पण 'उतर' म्हणायला का उतर ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

"मी बघते काउंटर," सिग्ने मला म्हणाली. "आता उभं राहता येतं मला." मी किल्ली उचलली.

मी त्यांच्या मागोमागच होते. अकरा किलोमीटर बरे गेले. बर्चच्या झाडांवर पालवीचा हिरवट धूर धरला होता, बांधांच्या कडेला घाणेरडा बर्फ अजून पडून होता. गुनवोर ताठ बसली होती. दरवर्षीसारखे हात त्याच्या कमरेभोवती नव्हते, आपल्याच मांड्यांवर होते. पुढच्या गाड्या स्टेनबेकवरून एकेक करत टपटप उड्या मारत गेल्या. फलक आला. स्तुरेने वेग कमी केला, आणखी कमी केला, माणूस चालतो तितका. तो थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही.

आवाज फार मोठा नव्हता. कढईच्या बुडावर उलथनं ओढावं तसा. इंजिनखालचं ऑइल चेंबर फाटलं, काळं तेल डांबरावर आलं आणि मागचं चाक त्यात सरकलं. गाडी उजवीकडे कलली. दुसरा कुणी असता तर पाय टेकून सावरली असती. स्तुरेनेही उजवा पाय टेकला. त्या खुब्याने जेवढं धरायचं तेवढं धरलं, आणि मग सोडलं. गुनवोरने पडताना हात पुढे केला.

मी पोचले तेव्हा दोघं रस्त्याच्या कडेला खडीवर बसली होती. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. मनगट जिथे वळायचं तिथे वळलेलं नव्हतं.

"किती उरत होतं?" तिने त्याला विचारलं.

"काय?"

"खाली. मोजल्याशिवाय तू झोपतोस का?"

"एक."

"आणि मी बसल्यावर?"

"वजा दोन."

"मग बोलला का नाहीस?"

स्तुरे तेलाकडे बघत राहिला. "तू तरी कुठे बोललीस," तो शेवटी म्हणाला.

"मी बोलले की. दोनच शब्द होते."

हेल्गे मागे फिरून आला. त्याच्या ओठांवर तिसऱ्या चाकाचा विनोद तयार होता, तो मला दिसला. पण गुनवोरचा हात बघून त्याने तो गिळला. त्याचं हे मी त्याच्या बाजूला जमा धरते. गाडी त्याच्याच ढकलगाडीमागे ट्रेलर लावून घरी गेली.

गुनवोरला मी आरोग्य केंद्रात नेलं. वाटेत बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती.

"फोन कुठून केला त्याने? घरून नाही."

"माझ्या काउंटरवरून."

"तू ऐकलंस."

आमच्याकडे हो म्हणायचं झालं तर श्वास आत ओढतात. मी ओढला.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, मला काय विचारतोस, मी पेट्रोल विकते."

"हं." तिने मनगट मांडीवर नीट ठेवलं. "चौदा महिने आणि वर तीन, रोज गुडघे टेकले मी, आस्ता. सोळा मार्चनंतर आठ आठवडे, असं मोजत होते. मेमध्ये संपलं असतं. त्याला वाटतं उन्हाळा त्याचाच होता."

मी मोटार आरोग्य केंद्राकडे वळवली. 

तर आता कुणी काय दिलं ते बघू. सिग्नेला खुबा मिळाला, तिला काही द्यावं लागलं नाही. मिडसमरच्या सणाला ती तीन नाच नाचली आणि वेलदोड्याचे पाव करून 'त्या गाढवा'साठी माझ्याकडे ठेवून गेली. ते मी स्तुरेला दिले, त्याने मुकाट्याने खाल्ले. दवाखान्याला हिवाळाभराच्या शिव्या फुकटच्या बसल्या. स्तुरेला नऊ सेंटिमीटर मिळाले आणि त्यावर अकरा किलोमीटर. तारखेसाठी त्याने पुन्हा फोन केला, या वेळी गुनवोरसमोर, स्पीकर लावून. रांगेच्या शेवटी उभे राहा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. गाडी तळघरात आहे. त्याने शॉकअप काढलेत, सीट पुन्हा वर घेतोय. का, ते मी विचारलं नाही.

गुनवोरचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, आठ आठवडे, नंतर बोटं वळतील तशी. एका हाताने लोकरीचा मोजा चढत नाही, स्वतःच्या पायात नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. नगरपालिकेचं पन्हळ बॅटरीखाली वितळून वाकडं झालंय.

आरोग्य केंद्रातून परत येताना माझ्या दाराशी मोटार थांबवली, तेव्हा ती उतरली नाही. "सकाळी तू काउंटर किती वाजता उघडतेस?"

"सातला."

"मग पावणेसातला ये."

तेव्हापासून जाते. अंगण ओलांडायचं, बूट दारात काढायचे, गुडघे टेकायचे. आधी त्याचा डावा, मग उजवा, उजव्याला हळू. मग तिचे. तोंडं दोघांचीही खिडकीकडे असतात. रोजचे चार मोजे.